निम्मे गुण वाचकांचे, पूर्ण शिक्षा लेखिकेला: कथास्पर्धेच्या संयोजक समितीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
जिल्हास्तरीय कथास्पर्धा संयोजक समिती यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपण एकाच पत्रकात दोन निर्णय कळवले. पहिला असा, की अंतिम यादीतल्या कथांना निम्मे गुण परीक्षक देतील आणि निम्मे गुण 'वाचकपसंती'चे, म्हणजे फेसबुकवर पडलेल्या लाइकचे असतील. दुसरा असा, की 'उचल' ही कथा 'वाचकांच्या तीव्र भावना लक्षात घेऊन' यादीतून वगळली आहे आणि ती लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने 'यापुढे काळजी घेईन' असं लेखी द्यावं. दोन्हींच्या खाली सही एकच. वाचक खूश झाला तर गुण वाढणार, वाचक चिडला तर हमीपत्र लागणार. हे दोन परिच्छेद एकाखाली एक टाइप होताना समितीतल्या कुणालाच काही खटकलं नाही?

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात ग्रंथपाल आहे. ती मुलगी आमची सभासद. वहीत लिहिलेली कथा तिने माझ्याच टेबलाशी बसून मोबाईलवर टाइप केली. मी अनुस्वार तेवढे पाहिले, बाकी शब्द न् शब्द तिचा आहे. आणखी एक सांगून टाकते, नाहीतर उद्या कुणीतरी ते शोधून काढल्यासारखं सांगेल: तुमच्या यादीत माझीही एक कथा आहे. ती मी या पत्राबरोबर मागे घेत आहे, म्हणजे बोलायला मोकळी.

'उचल' आता तुमच्या फेसबुकच्या पानावर नाही, म्हणून ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आई ऊसतोडीला कर्नाटकात गेलेली. बाप टोळी मध्येच सोडून कुठेतरी निघून गेलेला. घरी नववीतली मुलगी आणि तिची आजी. उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, फिटलेली नाही, म्हणून मजूर पुरवणारा मुकादम दारात येतो. आजी त्याला चहा करते. तो शिवी देत नाही, धमकीही देत नाही. पायरीवर बसून स्वतःचंच रडगाणं सांगतो, की कारखान्याच्या पैशाचा तगादा त्याच्यामागे आहे, ट्रॅक्टरचा हप्ता थकलाय, आणि कोयते, म्हणजे ऊस तोडणारे मजूर, पळाले तर त्याला कोण विचारतं. चहा संपवून उठताना तो दारातल्या शेळीकडे बघतो. तिथे कथा संपते.

आता या कथेवर काय काय आलं ते पाहा. पानावरून काढण्याआधी आम्ही ते उतरवून घेतलं आहे.

तीन वेगवेगळ्या गावांतल्या तीन मुकादमांनी तक्रार केली, की हा मुकादम म्हणजे मीच. तिघांपैकी एकालाही या पोरीने कधी पाहिलेलं नाही. पुण्याच्या एका गृहस्थांनी आजीच्या बँक खात्याचा नंबर मागितला, उचल ते फेडणार होते. ही गोष्ट रचलेली आहे असं कळवल्यावर ते रागावले आणि 'भावनांशी खेळ' असं लिहून गेले. एका ताईंना शंका आली, की इतकी गरिबी असेल तर चहात दूध कुठून आलं. (दारात शेळी आहे, ताई.) एका निवृत्त मुख्याध्यापकांनी आजीच्या बोलण्यातली 'अशुद्धं' क्रमवार काढून दिली आणि 'काहून'च्या जागी 'कशासाठी' सुचवलं. आमच्या आळीतल्या एका काकांनी कथेखाली डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा तो पिवळा चेहरा टाकला. त्यांना विचारलं तर म्हणाले, "रडायलाच आलं ना बाई, म्हणून तर टाकला." समितीच्या मोजणीत हा चेहरा पसंतीत धरला की तीव्र भावनांत?

आणि एक निरोप व्हॉट्सॲपवर आवाजात आला. नवरा रानातून आल्यावर त्याचा फोन हातात मिळालेल्या एका बाईचा. तिने स्वतः बरेच हंगाम ऊस तोडलाय. मुकादमाबद्दल, कर्जाबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. ती म्हणाली, "बाई, मला येवढंच सांगा, त्या शेळीचं म्होरं काय झालं? इकली का ठिवली?" मी तो निरोप मुलीला ऐकवला. ती चकितच झाली. म्हणाली, "मॅडम, शेळी तर मी नुसतं दार मोकळं दिसू नये म्हणून बांधली होती."

यातलं काय त्या पोरीने ठरवून घडवलं? अध्यक्ष महोदय, तुम्ही स्वतः कथा लिहिता. आपण लिहिलेलं वाचणारापर्यंत पोचतं तेव्हा त्याच्या घरात आधीच काहीतरी चाललेलं असतं. कुणाचा हप्ता थकलेला असतो, कुणाची शेळी नुकतीच बाजारात गेलेली असते. तो आपली कथा त्या घरात बसून वाचतो. तिथे काय होणार ते आपल्याला दिसत नाही, दिसणं शक्यही नाही. मग त्याची हमी सतरा वर्षांच्या मुलीने कशी द्यायची?

हे मोबाईलमुळे झालं असं समितीतल्या एका सरांनी मला फोनवर सांगितलं. सर, एकदा आमच्या ग्रंथालयात येऊन जुन्या पुस्तकांचे समास बघा. वाचकांनी पेन्सिलीने काय काय लिहून ठेवलंय. एका रहस्यकथेच्या तिसऱ्याच पानावर कुणीतरी ठळक अक्षरांत 'खुनी डॉक्टर आहे' लिहून पुढच्या सगळ्या वाचकांचं वाटोळं केलंय. एका कादंबरीत नायिका क्षयाने मरते, त्या पानावर लिहिलंय, 'बरं झालं.' त्याखाली दुसऱ्या शाईत, 'तुझं तरी बरं होईल का?' त्याखाली तिसऱ्याने या दोघांचं शुद्धलेखन तपासलंय. ग्रामीण कथांच्या एका संग्रहात ज्वारीच्या राशीचं दोन पानी वर्णन आहे, त्याला चौकट काढून 'भाव?' एवढंच विचारलंय. लेखकाने रास रंगवताना काय काय कल्पना केली असेल! पुस्तकं खराब होतात म्हणून मी ओरडते, पण हे समास खोडायचा मला धीर झालेला नाही. कारण वाचक असाच असतो. फरक एवढाच, की त्या पेन्सिलीची बेरीज करून कुणी लेखकाचे गुण ठरवले नाहीत आणि 'बरं झालं'वाल्याच्या भावना दुखावल्या म्हणून पुस्तक कपाटातून काढलं नाही.

ज्या वर्षी आपल्याकडे निजामाविरुद्ध पोलीस ॲक्शन झाली त्याच १९४८ सालच्या जूनमध्ये अमेरिकेत 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकात शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' ही कथा छापून आली. एका गावात दरवर्षी चिठ्ठ्या टाकून एका माणसाला दगडांनी मारतात, अशी कथा. त्या उन्हाळ्यात लेखिकेला तीनशेच्या वर पत्रं आली. पुष्कळ लोक संतापले, काहींनी शिव्या दिल्या. पण तिला सगळ्यात जास्त धक्का दिला तो निराळ्याच वाचकांनी. त्यांना जाणून घ्यायचं होतं, की ही लॉटरी कुठे असते आणि बघायला येता येईल का. आपल्या मुकादमांना कथेतला मुकादम खराच वाटला, त्यात नवीन काही नाही. त्या साप्ताहिकाने कथा मागे घेतली नाही.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या पैठणच्या एकनाथांचं उदाहरण आहे. भागवतावर मराठीत लिहितात म्हणून काशीच्या पंडितांनी त्यांना जाब विचारला आणि पुढे त्याच काशीत त्याच ग्रंथाची मिरवणूक निघाली, असं परंपरा सांगते. ग्रंथ तोच होता. तुमची समिती तिथे असती तर पहिल्याच आठवड्यात हमीपत्र घेऊन मोकळी झाली असती, असं मला वाटून गेलं. हे जरा लागेल, पण राहू द्या.

आता तक्रारींबद्दल. एकाही तक्रारीत कथेतलं अमुक वाक्य चूक किंवा खोटं आहे असं म्हटलेलं नाही. एका तक्रारीत 'आयटी ॲक्ट ६६ अ खाली गुन्हा दाखल करू' असं आहे आणि ते वाचून समिती घाबरली, हे मला कळलं. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुरासाठी शिक्षा देणारं ते ६६ अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजीच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं आहे. ते प्रकरण उभं राहिलं तेच आपल्या महाराष्ट्रातून. २०१२ साली पालघरला दोन मुलींना अटक झाली होती, एकीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या म्हणून आणि दुसरीने त्यावर लाइक दिला म्हणून. मेलेल्या कलमाच्या भीतीने तुम्ही एक जिवंत कथा काढून टाकली. जिल्ह्याच्या ठिकाणी वकील काही कमी नाहीत, एकाला विचारलं असतं तरी भागलं असतं.

याहून मोठी तक्रार माझी पुढची आहे. कथेखाली तुम्ही त्या मुलीचा फोटो, शाळेचं नाव आणि गाव छापलंत. कुणी सांगितलं होतं? तिने भरलेल्या अर्जात ही माहिती समितीसाठी होती. पुढे व्हायचं तेच झालं. दोघे जण शाळेत चौकशी करून गेले. वाकडं काही बोलले नाहीत, 'आमची पण बाजू आहे' एवढंच म्हणाले, आणि त्यांची बाजू आहेच. पण तिचे आई-वडील खरोखरच ऊसतोडीला जातात, हे तुम्हाला माहीत होतं. दसऱ्याआधी उचलीचे व्यवहार ठरतात. हे घर कुणाकडून उचल घेणार? याच माणसांकडून. 'तुमची पोरगी लिहिते म्हणं' असं कुणी सहज जरी म्हटलं तरी त्या बापाला रात्रीची झोप लागत नाही. आणि अशात तुम्ही हमीपत्राच्या मागणीची एक प्रत शाळेच्या मुख्याध्यापकांना पाठवलीत. म्हणजे गावाने जे अजून म्हटलं नव्हतं ते तुमच्या शिक्क्यानिशी म्हटलं गेलं, की पोरीचं काहीतरी चुकलंय. वाचक काय करतील ते मुलीच्या हातात नव्हतं. तिचं गाव छापायचं की नाही, हे मात्र पूर्णपणे तुमच्या हातात होतं.

राहिला लाइकचा प्रश्न. 'वाचक हाच खरा परीक्षक' हे आपल्या पत्रकातलं वाक्य ऐकायला छान आहे. माझा सगळा जन्म वाचकांत गेलाय, मला ते पटवायची गरज नाही. पण लाइक देणारा आणि वाचणारा एकच असतो हे कुणी सांगितलं? पत्रक निघाल्यापासून जिल्ह्यात काय चाललंय ते तुम्हालाही ठाऊक आहे. एका स्पर्धकाच्या नात्यातल्या शिकवणी वर्गाची सगळी पोरं एका दुपारी कामाला लागली. एका पतसंस्थेत साहेबांच्या मेव्हण्याची कथा 'सर्वांनी लाइक करणे' असा तोंडी हुकूम निघाला. आपल्याकडे मतं कशी गोळा होतात हे मी तुम्हाला सांगायला नको. शेळीचं विचारणाऱ्या त्या बाईचा निरोप तुमच्या हिशेबात कुठेच नाही. तिचं फेसबुक खातंच नाही. तिने मात्र कथा दोनदा वाचून घेतली, लेकाकडून.

आणि तो आकडा तरी कितपत खरा? कोणती गोष्ट किती जणांपुढे ठेवायची हे फेसबुकचं यंत्र ठरवतं. २०१७ पासून त्या यंत्रात रागाच्या, हसण्याच्या, प्रेमाच्या चिन्हांना साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. हे कंपनीच्याच अंतर्गत कागदपत्रांवरून २०२१ साली उघड झालं. त्याआधी २०२० मध्येच कंपनीने स्वतः रागाचं वजन शून्यावर आणलं होतं, कारण रागावर चालणारा मजकूर खोटा-विखारी निघण्याची शक्यता इतर मजकुरापेक्षा जास्त होती. ज्यांनी हे माप तयार केलं त्यांना ते दुरुस्त करावं लागलं, आणि आपण त्यावर निम्मे गुण देणार.

एक प्रयोग सांगते. तो गाण्यांवरचा आहे, पण कथांना तसाच लागू पडेल. २००६ साली 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला. मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या तिघांनी अनोळखी कलावंतांची ४८ गाणी चौदा हजारांहून जास्त लोकांपुढे ठेवली. काहींना नुसती गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे गट केले आणि प्रत्येक गटाला फक्त आपापल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलंय तो आकडा दाखवला. सुरुवात सगळ्यांची शून्यापासून. तर प्रत्येक गटात निकाल वेगळा लागला. एका गटात डोक्यावर घेतलेलं गाणं दुसऱ्या गटात कुठेतरी मधेच पडून राहिलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत आणि अगदी वाईट सहसा वर आली नाहीत, पण मधल्या सगळ्यांचं काहीही होऊ शकत होतं. आकडा जितका ठळक दाखवला तितका निकाल बेभरवशाचा होत गेला. तुमच्या अंतिम यादीतल्या कथा तुम्ही निवडूनच घेतल्या आहेत, म्हणजे त्या सगळ्या त्या मधल्या पट्ट्यातल्या. पहिल्या दिवशी पहिल्या दहा जणांनी काय केलं त्यावर तुमचा पहिला क्रमांक ठरणार आहे.

यश आलं तरी ते असंच येतं, हेही सांगितलं पाहिजे. आटलेल्या विहिरीवरची माझी एक गोष्ट मागे व्हॉट्सॲपवर खूप फिरली. कुणीतरी माझं नाव काढलं, खाली 'अनामिक' लिहिलं, वर 'सत्य घटना, जरूर वाचा' लिहिलं आणि शेवटी विहिरीला पाणी लागतं असा चार ओळींचा शेवटही जोडला. माझ्या गोष्टीत पाणी लागत नाही. ती माझ्या नणंदेने मलाच पाठवली: "वहिनी, वाचा, कुणीतरी किती छान लिहिलंय." लोकांना आवडलं ते पाणी, आणि ते माझं नव्हतं. त्या अंगठ्यांचे गुण मला दिले असते तर मी ते कोणत्या तोंडाने घेतले असते?

वाचकांनी गप्प बसावं असं माझं अजिबात म्हणणं नाही. मुकादमांना राग आला, तो त्यांनी बोलून दाखवला, चांगलं झालं. कारखाना आणि कोयता यांच्या मधे ते कसे भरडले जातात ते आपल्या कथांत फारसं येत नाही. 'उचल'मध्ये ते थोडं आलंय, हे त्या तिघांच्या लक्षात आलं नाही एवढंच. त्यांनी लिहावं, आम्ही टाइप करून देऊ, अनुस्वारही बघू. माझा आक्षेप समितीवर आहे. लेखक आणि वाचक यांच्या मधे उभं राहणं हे तुमचं काम होतं. तुम्ही बाजूला झालात आणि मुलीला पुढे ढकललंत.

मागण्या सरळ आहेत. 'उचल' आहे तशी, एक शब्द न बदलता, यादीत तिच्या जागी परत घ्या. हमीपत्राची मागणी लेखी मागे घ्या आणि ते पत्र जसं मुख्याध्यापकांना गेलं तसंच हेही जाऊ द्या, त्यात 'विद्यार्थिनीची कोणतीही चूक नाही' हे वाक्य असू द्या. तिचा फोटो, शाळा आणि गाव जिथे अजून असेल तिथून आजच्या आज काढा, आणि यापुढे अठरा वर्षांखालच्या कुणाचीही अशी माहिती पालकांच्या लेखी संमतीशिवाय छापू नका.

गुणांचा नियम कथा मागवताना जाहीर केला होता तोच ठेवा, सगळे गुण परीक्षकांचे. खेळ सुरू झाल्यावर पाटी बदलायची नसते. वाचकांसाठी वेगळं बक्षीस ठेवायचं असेल तर जरूर ठेवा, पण आकडे निकालापर्यंत झाकून ठेवा आणि तालुक्यांच्या ग्रंथालयांत छापील कथा ठेवून तिथल्या वाचकांच्या चिठ्ठ्याही धरा. आमच्या ग्रंथालयाची पेटी मी फुकट देते, चावी तुमच्याकडे ठेवा. तक्रार आली तर ती नावानिशी, लेखी घ्या. कोणतं वाक्य, का आक्षेपार्ह, एवढं विचारा आणि ती लिहिणाराला दाखवल्याशिवाय निर्णय करू नका.

निकाल १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी आहे. त्याआधी आठ दिवस तरी उत्तर मिळावं. या पत्राची सही केलेली प्रत आपल्या कार्यालयात दिली आहे आणि पोच घेतली आहे. इथे मी नाव घातलेलं नाही, कारण माझं नाव कळलं की मुलीचं गाव कळतं. उत्तर मात्र लेखीच द्या, फोन नको. फोनवर आपण सगळेच फार गोड बोलतो.

आपली,
केज तालुक्यातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाची ग्रंथपाल